पेन-ड्राइव्हवरची माफी

"ओठ जुळव," बाबा दातांतल्या दातांत पुटपुटले.

मी त्यांच्या पायाशी गुडघे टेकून बसले होते. समोर दीड-दोनशे माणसं उभी होती आणि लाउडस्पीकरमधून पार्थ शेटेचा आवाज हुंदके देत होता, "बाबा, मी चुकलो. मला क्षमा करा." पार्थ स्वतः कांजिण्या अंगावर घेऊन घरी झोपला होता. रडायचं त्याच्या आवाजात आणि माझ्या तोंडानं, असा सगळा कारभार होता. मी अकरा वर्षांची होते, केस टोपीत कोंबलेले होते आणि अंगात पार्थची हाफ पँट होती.

आमच्याकडे कृष्णाकाठच्या गावांत गणपतीत जिवंत देखावे असतात. गल्लीतलीच माणसं मांडवात उभी राहून सात-आठ मिनिटांचं नाटक करतात. पडदा पडतो, गर्दी पुढच्या मंडळाकडे सरकते, नवी गर्दी येते, पुन्हा तेच नाटक. संध्याकाळी सातपासून दहापर्यंत बारा खेळ. एवढ्या वेळा बोललं तर घसा बसेल, म्हणून आवाज आधीच सांगलीच्या स्टुडिओत भरून आणायचे आणि पेन-ड्राइव्हवर वाजवायचे. नटांनी फक्त ओठ हलवायचे.

त्या वर्षी सुतार गल्लीच्या आमच्या मंडळाचा देखावा होता 'मोबाइलच्या मायाजालात'. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि बापाच्या भूमिकेत आमचे बाबा, म्हणजे हायस्कूलचे चित्रकलेचे दिनकर सुतार सर. गोष्ट सरळ होती. मुलगा मोबाइलवर गेम खेळतो, आईच्या औषधाचे पैसे त्यात घालवतो, आई कोसळते, मुलगा बापाच्या पायावर पडतो, बाप माफ करतो आणि शेवटी गणपतीचा पुठ्ठ्याचा उंदीर येऊन मोबाइल कुरतडतो. आईच्या भूमिकेत माझी खरी आई होती. तिला खाटेवर पडून राहण्यापलीकडे काम नव्हतं, आणि वर्षभरात तेवढीच विश्रांती म्हणून तिनं ते आनंदानं घेतलं. पाचव्या-सहाव्या खेळाला तिला खरोखर डोळा लागायचा.

बाबांनी आयुष्यात एकही गेम पाहिलेला नव्हता. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा होता आणि घरात दुसरा फोन येऊ द्यायचा नाही हा त्यांचा नियम होता. गेमची सगळी माहिती त्यांनी वर्तमानपत्राची कात्रणं जमवून काढली होती. माझ्या वर्गातल्या पोरी गेमबद्दल बोलायला लागल्या की मी पाणी प्यायला उठून जायचे. व्यसनी मुलाची भूमिका करायला गल्लीत माझ्याइतकं अडाणी पोर दुसरं नव्हतं.

पहिल्या दिवशी माझ्या हातात लाकडाचा मोबाइल होता, बाबांनीच रंगवलेला. खेळ झाल्यावर बाबा तोंड वाकडं करून आले.

"चेहऱ्यावर उजेड पडत नाही. मागच्या माणसाला वाटतं, पोरगं पाटीवर बाराखडी गिरवतंय. खरा फोन पाहिजे."

"मंडळाचा हाय की," अंकुशकाका म्हणाले. "घ्या. गर्दीत मला तसा तो बघायला होतच नाही."

अंकुशकाका माळी म्हणजे मंडळाचे खजिनदार. सायकलचं दुकान होतं त्यांचं. बाबांचे शाळेपासूनचे मित्र. आमच्या देखाव्यात पडद्याची दोरी ओढायचं काम त्यांच्याकडे असायचं, आणि दर खेळानंतर ते माझ्या हातावर एक लिमलेटची गोळी ठेवायचे. त्याच वर्षी मंडळानं वर्गणीसाठी नवा फोन घेतला होता. मांडवात चौकोनी ठिपक्यांचा कागद लावलेला होता, लोक तो स्कॅन करायचे आणि पैसे खात्यात पडायचे.

"गेम पण खरा टाक त्यात," बाबा म्हणाले. "नुसती बोटं फिरवलेली कळतात लोकांना. खरं खेळ. अभिनय नैसर्गिक पाहिजे."

हे वाक्य माझ्या बापाचं आहे हे मी इथं मुद्दाम नोंदवून ठेवते.

गेम बागेचा होता. एक ओसाड तुकडा, त्यात बी पेरायचं, पाणी घालायचं, फूल यायचं. फूल आलं की कुंपणापलीकडून एक ससा टाळ्या वाजवायचा. इतकंच. पहिल्या खेळाला मला एक झेंडू आला आणि माझा चेहरा असा काही उजळला की बाबा विंगेत जाऊन स्वतःच्या मांडीवर थाप मारून आले.

अडचण मधल्या वेळाची होती. पडदा पडला की फोन अंकुशकाकांच्या खिशात जायचा. पुन्हा हातात येईपर्यंत माझी फुलं माना टाकून बसलेली असायची, आणि ससा कुंपणावर तोंड पाडून. खाली लिहून यायचं: पाण्यासाठी सहा तास थांबा, किंवा एकोणपन्नास रुपयांत टाकी भरा. सहा तास थांबायला माझ्याकडे दर खेळात साडेतीन मिनिटं होती. त्यानंतर मला आईच्या औषधाच्या पैशांसाठी पश्चात्ताप करायचा असायचा.

तिसऱ्या दिवशी मी टाकीवर बोट ठेवलं. चार रिकामे चौकोन आले. आकडे टाका म्हणाले. मी मान वर केली तर विंगेत अंकुशकाका दोरी धरून पाठमोरे उभे होते, आणि त्यांच्या मंडळाच्या टी-शर्टवर पाठभर लिहिलेलं होतं, 'स्थापना १९७६'. तोच आकडा कमानीवर होता, पावतीपुस्तकावर होता, आरतीच्या ताटाखालच्या रुमालावरही होता. आमच्या मंडळाला अभिमान वाटावा असा तो एकच आकडा, त्यामुळे कुलपाची किल्ली करताना दुसरा सुचणारच नाही कुणाला. मी तो टाकला. टाकी भरली, ससा नाचला.

चोरी करतेय असं मला वाटलं नाही, हे खरं सांगते. पैसे म्हणजे मला ठाऊक होती ती नाणी. पाचाचं नाणं दिलं की हातातून जायचं आणि हात रिकामा दिसायचा. इथं हात रिकामा होत नव्हता. उलट टाकी भरत होती. शिवाय फोन मंडळाचा, गेम मंडळाच्या देखाव्याचा, आणि नैसर्गिक खेळायला तर बाबांनीच सांगितलेलं. दर खेळाला एक टाकी, पुढे दोन, कधी तीन. सहाव्या दिवशी गुलाब लावले, ते झेंडूपेक्षा जास्त पाणी प्यायचे. सातव्या दिवशी मी जागेपणी घरात सशाचा विचार करत होते आणि आई विचारत होती, "कुठं लक्ष असतं गं तुझं?"

"भूमिकेत शिरलीय," बाबा कौतुकानं म्हणाले.

नवव्या दिवशी दुपारी महाप्रसादाच्या आचाऱ्याला पैसे द्यायचे होते. अध्यक्ष आप्पा शेटे, म्हणजे पार्थचे आजोबा आणि गल्लीचे किराणावाले, यांनी हिशेब काढला. सहा हजार आठशे साठ रुपये कमी निघाले.

मी तिथंच खुर्चीवर बसून लाडू खात होते.

"अंकुश, फोन दाखव," आप्पा म्हणाले.

"मेसेज पुसले गेले," अंकुशकाका खाली बघत म्हणाले.

"पुसले गेले का पुसलेस?"

काकांनी फोन खिशात घातला. मग कुणीतरी हळूच त्यांच्या दुकानातल्या हवा भरायच्या नव्या यंत्राचा विषय काढला. गेल्याच महिन्यात आलं ते, कशावर आलं कुणास ठाऊक. आप्पा म्हणाले, कुंपणच शेत खायला लागलं तर राखण कुणी करायची. अंकुशकाकांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

"माझ्याकडनंच चुकलं असंल," ते म्हणाले. "यंत्र परत देतो दुकानदाराला. उद्या सकाळी बैठकीत पैसे ठेवतो. पुढच्या वर्षीपासून खजिनदार दुसरा बघा."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की टाकी भरत होती तेव्हा दुसरीकडे काहीतरी रिकामं होत होतं. मी अर्धा लाडू खाली ठेवला. तीन आठवडे काकांनी त्या यंत्राला हार घालून ठेवलेला मी रोज पाहत होते.

मी बाबांना शोधत गेले. ते उंदराच्या शेपटीला सुतळी बांधत होते.

"बाबा, मला एक सांगायचंय."

"आज देखावा स्पर्धेचे परीक्षक येणार आहेत. पाचव्या खेळाला. आता फक्त ओठ जुळवायचे, बाकी सगळं उद्या."

"बाबा, ते पैसे—"

"चैत्राली. उद्या."

उद्या सकाळी बैठक होती. संध्याकाळी मेकअप करताना पुन्हा प्रयत्न केला, तर त्यांनी माझ्या तोंडात खोटी मिशी धरायला दिली आणि बोलायचा मार्गच बंद केला. मग माझ्या लक्षात आलं की दिवसभरात बाबा माझ्यासमोर स्थिर उभे राहून माझ्याकडे बघतात ती जागा एकच आहे. पायावर पडायची.

पाचवा खेळ. परीक्षक पुढच्या तीन खुर्च्यांवर बसले होते. मी खेळले, आई कोसळली, मी धावत जाऊन बाबांच्या पायाशी बसले. वरून पार्थ म्हणायला लागला, "बाबा, मी चुकलो..."

"बाबा," मी त्याच्या आवाजाखाली म्हणाले, "पैसे मी घेतले. मंडळाचे."

"ओठ जुळव," बाबा पुटपुटले.

"बाबा, खरं सांगतेय. गेममध्ये पाण्याला पैसे लागतात. आकडा टी-शर्टवर होता. सगळे सहा हजार मीच घातले. अंकुशकाकांनी नाही."

पार्थचं रडणं संपलं. आता बाबांची पाळी होती. लाउडस्पीकरमधून त्यांचाच भरदार आवाज आला, सांगलीत तीन वेळा भरून चौथ्यांदा जमलेला: "उठ बाळ. चुकतो तो माणूस आणि सावरतो तोही माणूसच. बापाच्या मनात रागाला जागा नसते."

बाबांचे ओठ हलले नाहीत. आठवडाभर दुसऱ्यांचे ओठ जुळवणारा माणूस तोंड अर्धवट उघडं टाकून माझ्याकडे बघत उभा होता, आणि वरून त्यांचाच आवाज मला माफ करत होता. त्यांच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसत होती. ठरल्याप्रमाणे त्यांना माझ्या डोक्यावर हात ठेवायचा होता. हात आला, पण टोपीच्या चार बोटं वर थांबला. उंदीर आला, मोबाइल कुरतडला, टाळ्या झाल्या. अंकुशकाकांनी पडदा ओढला.

"किती?" बाबांनी विचारलं.

"सगळेच."

खाटेवरून आईनं एक डोळा उघडला. "काय झालं?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "झोप तू."

पुढच्या खेळाची घंटा झाली. आम्हाला सोडून जायला जागाच नव्हती. राहिलेल्या सात खेळांत लाकडाचा मोबाइल घेऊन मी खेळले, सात वेळा त्यांच्या पायावर पडले आणि सात वेळा त्यांच्या आवाजानं सांगितलं की बापाच्या मनात रागाला जागा नसते. सहाव्या खेळाला तर ते माझ्याकडे बघतही नव्हते, उंदराकडे बघत होते. आठव्याला ओठ हलायला लागले, पण उशिरा. दहाव्याला जुळले. हात मात्र वरच तरंगत होता. बाराव्या खेळाला तो टोपीवर टेकला, आणि चांगलाच जड होता. मी तेव्हा खरी रडले, पण त्यात काही नवं नव्हतं, प्रेक्षकांनी नेहमीइतक्याच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसर्जनाआधी मांडवात बैठक भरली. मिरवणुकीत ट्रॉलीवर देखावा न्यायचा होता, म्हणून बाबा फाटक्या सदऱ्यात आणि मी हाफ पँटीत होते. बैठकीआधीच निकाल आला होता. आमचा पहिला नंबर. पाच हजार एक रुपये, आणि बाबांना खास प्रमाणपत्र. परीक्षकांनी लिहिलं होतं, 'क्षमेच्या प्रसंगी एकही शब्द न उच्चारता केवळ चेहऱ्यावरून व्यक्त केलेला धक्का अविस्मरणीय.' आप्पांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

मग अंकुशकाका उठले आणि खिशात हात घालायला लागले.

"थांब," बाबा म्हणाले. "अंकुशचा दोष नाही. पैसे माझ्या मुलीनं खर्च केलेत. देखाव्यातल्या गेममध्ये. फोन मी तिच्या हातात दिला, तेव्हा जबाबदारी माझी."

अंकुशकाका बाबांजवळ आले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दिन्या," ते अगदी हळू म्हणाले, पण शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं. "लेकराच्या नावावर नको घालू रं. मला माहीत हाय सगळं."

"काय माहीत आहे?"

"मी मेसेज बघितलं होतं. एकोणपन्नास, एकोणपन्नास, एकोणपन्नास. आणि विंगेत तू चष्मा लावून त्या फोनवर बोटं मारताना पण बघितलं. म्हणून तर पुसून टाकलं. गेमच्या विरोधात देखावा लिहिणारा माणूस, तुझी इज्जत जायला नको म्हणून मी गप बसलो."

"अरे, मी उजेड वाढवत होतो त्याचा."

कुणीतरी मागे खुसकन हसलं.

मला ते सहन झालं नाही. मी मध्ये गेले. "काका, मीच केलं. खरंच. बाबा नाही, मी चुकले. मला क्षमा करा." आणि मला रडू फुटलं.

नऊ दिवसांत ती वाक्यं गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ झाली होती. मी त्याच हाफ पँटीत, त्याच टोपीत, त्याच जागी उभी राहून तेच बोलत होते. आप्पा शेट्यांनी मान हलवली.

"सर, हे बरं नाही," ते म्हणाले. "स्वतःचं झाकायला पोरीला संवाद पाठ करून आणलात?"

"पाठ नाही हो, खरंच मी—"

"बस, बाळ. तुझा काय दोष नाही."

मी बाबांकडे बघितलं. त्यांच्याकडे खरं सांगणारे साक्षीदार दोनच होते, मी आणि ते स्वतः, आणि दोघांनाही नाटकाचं पहिलं बक्षीस मिळालेलं होतं. गावात पंचवीस वर्षांची मास्तरकी, विद्यार्थ्यांचे पालक समोर बसलेले. ते माझा हात धरून ओरडू शकले असते, शपथ घेऊ शकले असते. ते थोडा वेळ अंकुशकाकांच्या टी-शर्टकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "मीच."

"काय?"

"मीच खेळलो. बागेचा गेम आहे. पाणी घालायला लागतं. बक्षिसाचे पाच हजार एक मंडळाकडेच ठेवा, वरचे मी देतो. अंकुशचं यंत्र दुकानात राहू दे."

ठराव तसाच झाला. दुसरा ठराव आकडा बदलायचा झाला. नवा कोणता ठेवावा यावर बरीच चर्चा होऊन शेवटी तेच आकडे उलटे लावायचं ठरलं.

विसर्जन करून परत येताना आई पुढे चालत होती आणि आम्ही दोघं मागे. आता तरी कानाखाली बसणार असं मी धरून चालले होते.

"किती फुलं होती?" बाबांनी विचारलं.

"सत्तावीस. त्यात सहा गुलाब."

"मला दाखवायची तरी होतीस." थोडं चालल्यावर म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं. गेमवर अख्खं नाटक लिहिलं, आणि तुला एकदा विचारलं नाही, काय खेळतेस."

त्या महिन्यापासून त्यांनी मला महिन्याला शंभर रुपये द्यायला सुरुवात केली. स्वतःचा नियम मोडून आईला घेतलेल्या नव्या फोनवर बाग पुन्हा लावली. पैसे तुझे, म्हणाले, पाण्यात घाल नाहीतर विहिरीत घाल, पण संपले की संपले. पहिल्या महिन्यात मी दुसऱ्याच दिवशी दोन टाक्या भरल्या आणि अठ्ठावीस दिवस दोन रुपयांकडे बघत बसले. दुसऱ्या महिन्यात एकच भरली. चौथ्या महिन्यात मला एक कंपासपेटी आवडली आणि बाग सुकली. ससा अजून कुंपणावर बसलेला असेल.

बाबांचं मात्र सुटलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे गावानं त्यांना इतक्या चालींत ऐकवलं की ते शेवटी स्वतःच म्हणायला लागले. बाजारात माणसं विचारायची, "काय सर, घातलं का बागेला पाणी?" शाळेत मुलं फळ्यावर ससा काढून ठेवायची. बाबा त्याचे कान नीट करून द्यायचे.

यंदा मंडळाचा सुवर्णमहोत्सव झाला. मी कॉलेजातून आले होते. जुन्या कलाकारांनी दोन शब्द बोलावेत म्हणून माझ्या हातात माइक दिला. आठ वर्षं जे पोटात होतं ते मी सगळं सांगितलं, टी-शर्टापासून सशापर्यंत. सांगताना वाक्यं तुटली. शेवटी म्हणाले, माझ्या बापानं खोटं कबूल केलं कारण तुम्ही खरं ऐकायला तयार नव्हतात.

टाळ्यांनी मांडव दणाणला. अंकुशकाका डोळे पुसत बाबांकडे वळले. "पोरगी असावी तर अशी, दिन्या. अजून बापाला झाकती."

घरी दारात चप्पल काढताना बाबा म्हणाले, "फार अडखळलीस. पार्थचा आवाज बरा होता."

"बाबा, मी खरं बोलत होते."

"म्हणूनच तर," ते म्हणाले, आणि दार उघडायला पुढे झाले.